आपण मुद्दाम हरतोय का?

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या सदरात लोक घरच्या आणि ऑफिसच्या कटकटी लिहितात. माझी कटकट म्हणजे एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधली एक टीम आहे. तिचं नाव छापू नका. मित्र आधीच माझी कीव करतात.

सहा सीझन झाले, आम्ही हरतोय. पहिली दोन वर्षं जनरल मॅनेजर म्हणाले, तरुण पोरं घेऊन टीम नव्याने बांधतोय, धीर धरा. धरला. तिसऱ्या वर्षी अचानक तिशी ओलांडलेल्या दोन खेळाडूंवर पैसा ओतला, कारण आता म्हणे प्लेऑफ (सीझननंतरच्या बाद फेऱ्या) गाठायचे होते. गाठले नाहीत. मग कोच गेला. चौथ्या वर्षी आम्ही ड्राफ्टमधून (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून) घेतलेला पहिला मोठा खेळाडू दुसऱ्या टीमला देऊन टाकला आणि पाठोपाठ जनरल मॅनेजरही गेले. दोन वर्षांपूर्वी नवे आले. तेही म्हणतात, धीर धरा.

धाकटा भाऊ म्हणतो, नव्या माणसाला वेळ द्यायला हवा, तू फार कडवट झालायस. यावरून आम्ही इतके भांडलो की आता मॅच वेगवेगळ्या घरांत बघतो. पण मला खरं खुपतंय ते वेगळंच. मुलगी पाच वर्षांची असताना माझ्याशेजारी बसून मॅच बघायला लागली. आता अकरा वर्षांची आहे. परवा शेवटच्या पाच मिनिटांत आमचे दोन बरे खेळाडू बाकावर बसवलेले बघून तिने विचारलं, "बाबा, आपण मुद्दाम हरतोय का?" मला काही बोलता आलं नाही. कारण त्या रात्री मीसुद्धा मनातून हरण्याचीच वाट बघत होतो, ड्राफ्टमध्ये कोण आधी निवडणार ते ठरवणाऱ्या, तळाच्या टीमना झुकतं माप देणाऱ्या लॉटरीत वरचा नंबर मिळावा म्हणून.

टीम चालवणाऱ्या ऑफिसवर विश्वास ठेवू की नको? आपलीच टीम हरावी असं वाटणारा चाहता कसला? आणि पोरीला या टीमच्या नादी लावून मी चूक केली का?

— नाव नको

प्रिय 'नाव नको',

मुलीपासून सुरुवात करते, कारण तुमच्या तिन्ही प्रश्नांपेक्षा तिचा प्रश्न चांगला आहे.

खेळाडू मुद्दाम हरत नाहीत. तळाच्या टीममध्ये बाकावरून उतरणारी कितीतरी पोरं दहा-दहा दिवसांच्या करारावर आलेली असतात. पुढच्या महिन्यात आपल्याला नोकरी असेल का, हे त्या पाच मिनिटांवर ठरणार हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. कोचही मुद्दाम हरत नाही, कारण हरल्याचं खापर सगळ्यांत आधी त्याच्याच डोक्यावर फुटतं. पण कोर्टवर कोणाला उतरवायचं, कोणाचा गुडघा आज 'जरा जपायचा', कोणाला फेब्रुवारीत विकून टाकायचं हे ठरवणारी माणसं वर बसलेली असतात. त्यांना हरायचं ठरवता येतं. फक्त ती ताकाला जाऊन भांडं लपवतात.

एकदा भांडं उघडं पडलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सना पुढे जायची थोडी तरी आशा शिल्लक होती. तरीही शिकागोविरुद्ध त्यांनी बरेच मुख्य खेळाडू बसवून ठेवले आणि मॅच हरले. का? त्यांचा त्या वर्षीचा ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचा पिक (खेळाडू निवडायचा हक्क) न्यू यॉर्कला द्यायचा होता, पण तो पहिल्या दहात आला तर स्वतःकडे ठेवता येणार होता. लीगने साडेसात लाख डॉलर दंड ठोकला. डॅलसला दहावा नंबर मिळाला, तिथून अदलाबदल करून ते बाराव्यावर सरकले आणि डेरेक लाइव्हली घेतला. पुढच्याच वर्षी ते फायनलमध्ये होते आणि लाइव्हली त्यांच्याकडून खेळत होता. दंड फिटला म्हणायचा. मला हे आवडत नाही, पण घडलं ते असं.

तेव्हा लेकीला सांगा: पोरं जीव तोडून खेळतायत, वरच्या माणसांचं मात्र सांगता येत नाही. अकरा वर्षांच्या मुलीला हे नीट कळतं. न कळल्यासारखं आपणच वागतो.

आता तुमच्या मनातल्या पापाबद्दल. आपली टीम हरावी असं वाटणं हे काही पाप नाही. मीही एका सीझनच्या शेवटच्या आठवड्यात हातात कागद घेऊन, कोण हरलं तर आपण कितव्या नंबरवर, असा हिशेब करत बसले होते. त्या रात्री आमच्या बाकावरच्या एका पोराने शेवटच्या क्षणी बास्केट टाकून मॅच जिंकून दिली. बाकीचे त्याच्या अंगावर उड्या मारत होते आणि मी चरफडत होते. कागद चुरगाळून टाकला. पुन्हा तो हिशेब केला नाही. त्यात नैतिक उंची वगैरे काही नाही, तो हिशेबच मुळात कच्चा होता.

कच्चा म्हणजे किती, ते बघा. पूर्वी सगळ्यांत शेवटच्या टीमला पहिला नंबर मिळायची शक्यता २५ टक्के असायची. २०१९ पासून तळाच्या तिन्ही टीमना सारखीच, १४ टक्के. सगळ्यांत वाईट टीम थेट पाचव्या नंबरवर घसरण्याची शक्यता जवळपास ४८ टक्के. डेट्रॉइट पिस्टन्सने २०२२-२३ मध्ये लीगमधली सगळ्यांत वाईट कामगिरी केली, पाचवा नंबर मिळाला. २०२३-२४ मध्ये पुन्हा सगळ्यांत वाईट, पुन्हा पाचवा. २०२५ मध्ये युटा जॅझ १७ जिंकून आणि ६५ हरून तळाला होते, तेही पाचवे. पहिला नंबर गेला डॅलसला, ज्यांची शक्यता १.८ टक्के होती. थोडक्यात, तुम्ही त्या रात्री हरण्याची प्रार्थना केलीत ती दोन-तीन टक्क्यांच्या फरकासाठी. एवढ्यासाठी एक चांगली संध्याकाळ का घालवायची?

आता ऑफिस. इथे मी तुमच्या भावाशी अर्धी सहमत आहे आणि तुमच्याशी अर्धी, आणि दोघांनाही ते आवडणार नाही.

तुमच्या भांडणात दोन घड्याळं आहेत. तुमचं घड्याळ सहा वर्षं चालतंय, नव्या जनरल मॅनेजरचं दोनच. भाऊ त्यांचं घड्याळ दाखवतो, तुम्ही तुमचं. दोन्ही बरोबर आहेत, म्हणून भांडण मिटत नाही. तिसरं घड्याळ मात्र तुम्ही दोघांनी पाहिलंच नाही. पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं: कोच आहे, जुने-नवे जनरल मॅनेजर आहेत, भाऊ आहे, मुलगी आहे. मालकाचा एका शब्दानेही उल्लेख नाही. पहिली दोन वर्षं धीर धरायला परवानगी कोणी दिली? तिसऱ्या वर्षी तो धीर कोणाचा सुटला? तिशीच्या दोन खेळाडूंच्या करारांना शेवटचा होकार कोणाचा? एवढे मोठे खर्च जनरल मॅनेजर एकटा करत नाही. माणसं बदलतात, होकार देणारा तोच राहतो, आणि त्याचं घड्याळ कधी सुरूच होत नाही.

सॅक्रामेंटो किंग्ज सलग १६ सीझन प्लेऑफपासून लांब राहिले. त्या काळात हंगामी धरून दहाहून जास्त कोच झाले. त्यांतले एक मायकेल मलोन. डिसेंबर २०१४ मध्ये टीम ११ जिंकून १३ हरलेली, मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स मेनिंजायटिसने घरी पडलेला, आणि मलोनना काढून टाकलं. पुढच्या वर्षी ते डेन्व्हरला गेले. तिथे आदल्या वर्षी ड्राफ्टमध्ये ४१व्या नंबरवर एक जाडजूड सर्बियन पोरगा घेऊन ठेवला होता, निकोला योकिच. २०२३ मध्ये मलोन आणि योकिच चॅम्पियन झाले. सॅक्रामेंटोत नशीब खोटं होतं असं कोणी म्हणू शकेल, पण सीझनच्या २४ मॅचमध्येच कोच काढायची घाई नशिबाने केली नव्हती.

तुमची टीम सहा वर्षं पुनर्बांधणी करतेय, असं तुम्ही लिहिलंय. माझ्या मते तसं झालेलंच नाही. दोन वर्षं बांधलं, मग दीडेक वर्ष घाई केली, मग पाडलं, आणि आता दोन वर्षं पुन्हा पाया खणणं चाललंय. पहिल्या फेरीत निवडलेल्या पोराचा करार समजून घेतलात तर हे स्वच्छ दिसेल. पहिली दोन वर्षं पक्की असतात, तिसरं आणि चौथं टीमच्या मर्जीवर. तिसरं वर्ष संपलं की त्याच्याशी पुढचा मोठा करार करता येतो. म्हणजे गुणी पोरगा स्वस्तात मिळतो तो चार वर्षं. त्या चार वर्षांत त्याच्याभोवती टीम उभी करायची असते. तुमच्या ऑफिसने चौथ्या वर्षी, नेमकी पैसे मोजायची वेळ आली तेव्हा, त्याला विकलं. त्या चार वर्षांतल्या सगळ्या हारी फुकट गेल्या. तुमचा कडवटपणा इथून आलाय, आणि तो रास्त आहे.

मग हरण्यातून काही निघतं हे कसं ओळखायचं? फिलाडेल्फिया आणि ओक्लाहोमा सिटी या दोन टीमच्या गोष्टी चाहत्यांना तोंडपाठ असतात. पहिली दाखवून म्हणतात, बघा, टँकिंग (चांगल्या पिकसाठी मुद्दाम हरणं) फसतं. दुसरी दाखवून म्हणतात, बघा, जमतं. मला दोन्हींत वेगळंच दिसतं.

सॅम हिंकी २०१३ मध्ये जनरल मॅनेजर म्हणून फिलाडेल्फियाला आले आणि उघडपणे टीमची पाडापाडी केली. १९ विजय, मग १८, मग १०. त्या १० विजयांच्या सीझनमध्येच वरती एक वडीलधारी व्यक्ती आणून बसवण्यात आली आणि एप्रिल २०१६ मध्ये हिंकी १३ पानांचं पत्र लिहून बाहेर पडले. त्यांनी २०१४ मध्ये घेतलेला जोएल एम्बीड दुखापतीमुळे तोवर एकही मॅच खेळला नव्हता. पुढे तो २०२३ चा एमव्हीपी, म्हणजे लीगमधला सर्वोत्तम खेळाडू झाला. पण हिंकींनंतरच्या माणसांनी २०१७ मध्ये बॉस्टनला तिसरा नंबर आणि पुढचा एक पिक देऊन पहिला नंबर घेतला, त्यावर मार्केल फुल्ट्झ निवडला, आणि बॉस्टनने तिसऱ्या नंबरवर जेसन टेटम उचलला. तो बॉस्टनकडून २०२४ चा चॅम्पियन. हे सगळं करूनही २०२४ पर्यंत एम्बीडची टीम दुसऱ्या फेरीपुढे गेली नाही. हिंकी बरोबर होते की चूक, यावर लोक अजून वाद घालतात. मला तो वाद निरर्थक वाटतो. एकाने पेरायचं, दुसऱ्याने मध्येच खणून बघायचं, तिसऱ्याने बियाणं बदलायचं, अशा शेतात काय उगवलं असतं हे कोण सांगणार?

ओक्लाहोमा सिटीची टीम सॅम प्रेस्टी २००७ पासून, म्हणजे ती सिएटलमध्ये होती तेव्हापासून चालवतायत. आज सगळे त्यांची आरती ओवाळतात, पण २०१२ मध्ये जेम्स हार्डनला देऊन टाकलं ते त्यांनीच, आणि २०१६ मध्ये केव्हिन ड्युरंट निघून गेला, मोबदल्यात काही न मिळता, तोही त्यांच्याच कारकिर्दीत. तुमच्यासारख्या चाहत्याने तेव्हा शिव्या दिल्या असतील तर मी त्याला दोष देणार नाही. २०१९ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्सना देऊन त्यांनी शाय गिल्जस-अलेक्झांडर, पहिल्या फेरीचे पाच पिक आणि पिकच्या अदलाबदलीचे दोन हक्क घेतले. त्यातल्याच एका पिकमधून २०२२ मध्ये बाराव्या नंबरवर जेलन विल्यम्स आला. मधे दोन सीझन फार वाईट गेले. डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरले. लीगच्या इतिहासात एवढ्या फरकाने कोणी हरलं नव्हतं. मग ४० विजय, मग ५७, मग ६८ आणि २०२५ चं विजेतेपद.

लोकांना त्यात पिकची रास दिसते. मला २०२४ चा उन्हाळा दिसतो. ५७ मॅच जिंकलेली टीम, आणि प्रेस्टींनी स्वतः सहाव्या नंबरवर निवडलेला जॉश गिडी देऊन ॲलेक्स करुसो आणला. गिडी वाईट नव्हता, या टीममध्ये बसत नव्हता. त्याच उन्हाळ्यात आयझाया हार्टेनस्टाइनला तीन वर्षांसाठी ८.७ कोटी डॉलर दिले. म्हणजे गोळा करणं थांबवून खर्च करायला सुरुवात केली, आणि आपलीच निवड जमत नाही हे मान्य केलं. यातली वेळ साधणं सगळ्यांत अवघड असतं. तुमच्या जुन्या ऑफिसनेही मोठा खर्च केला होता, पण तिसऱ्या वर्षी, पोरांना नीट उभं राहता येण्याआधी.

तिसरी गोष्ट डेट्रॉइटची, आणि ती तुमच्या जास्त जवळची आहे. २०२३-२४ मध्ये ते पहिल्या तीनपैकी दोन मॅच जिंकले आणि मग सलग २८ हरले. प्रेक्षक 'टीम विका' म्हणून ओरडायचे. त्यांनी ते मालकाला उद्देशून ओरडणं मला फार अचूक वाटलं होतं. सुमारे ७.८५ कोटी डॉलर आणि सहा वर्षांचा करार देऊन आणलेले कोच माँटी विल्यम्स एका सीझनमध्ये गेले, जनरल मॅनेजर गेले. १४ विजयांवरून पुढच्या वर्षी ४४. आणि गंमत म्हणजे गाभा जवळपास तोच! केड कनिंगहॅम २०२१ पासून तिथेच होता. नव्या ऑफिसने त्याच्याभोवती लांबून बास्केट टाकणारी अनुभवी माणसं ठेवली: टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर. पोरांना कोर्टवर हातपाय हलवायला जागा मिळाली. म्हणजे आधी पोरं कच्ची नव्हती, त्यांना जुंपलं चुकीचं होतं. तळाच्या टीमचे चाहते पुढचा तारा शोधण्यात इतके बुडालेले असतात की आहे त्या पोरांना नीट खेळता येईल अशी टीम दिलीय का, हे कोणी विचारत नाही.

तुम्ही ते विचारा. नव्या जनरल मॅनेजरांना तपासायला एवढं पुरेल: त्यांनी ठेवलेले अनुभवी खेळाडू पोरांची मिनिटं खातायत, की पोरांना सोपे पास मिळवून देतायत? तिसाव्या-चाळिसाव्या नंबरवर निवडलेली मुलं दोन वर्षांनी थोडी तरी सुधारलेली दिसतात का? आणि त्यांनी गेल्या वर्षी सांगितलेलं आणि या वर्षी सांगितलेलं जुळतं का? विजय कमी असले तरी चालतील. गोष्ट दरवर्षी बदलत असेल तर चालणार नाही. त्यांच्या पहिल्या ड्राफ्टमधल्या पोराशी मोठा करार करायची वेळ आणखी एका सीझननंतर येईल. तिथे घोडामैदान आहे. ते त्याच्याशी करार करतात, की मागच्यासारखं देऊन टाकतात, आणि दिलंच तर बदल्यात काय घेतात, हे बघा. तोवर त्यांना संशयाचा फायदा द्या. मालकाला अजिबात देऊ नका. त्याचा हिशेब सहा वर्षांचाच ठेवा.

एक सावधगिरी. मधेच लॉटरी लागली तर हुरळून जाऊन ऑफिसला शहाणं ठरवू नका. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलसने लुका डॉन्चिच लेकर्सना देऊन टाकला. चाहते जनरल मॅनेजर निको हॅरिसन यांना हाकला म्हणून ओरडत होते. तीन महिन्यांनी त्या १.८ टक्क्यांतून पहिला नंबर लागला आणि कूपर फ्लॅग मिळाला. ओरडणं थांबलं नाही, आणि नोव्हेंबरमध्ये हॅरिसन गेले. तिथल्या चाहत्यांनी नशीब आणि निर्णय यांची गल्लत केली नाही, याचं मला कौतुक वाटतं.

भावाला फोन करा. त्याला म्हणा, तुझ्या माणसाला आणखी एक सीझन दिला, पण मालकाबद्दल तू माझ्या बाजूला ये. तो येईल असं मला वाटतं. नाही आला तर निदान भांडायला नवा विषय मिळेल, आणि तोही एकाच सोफ्यावर बसून.

राहिली मुलगी. तुम्ही तिला जिंकणारी टीम दाखवली नाहीत हे खरं. पण शेवटच्या पाच मिनिटांत बाकावर कोण बसलंय हे बघणारी मुलगी तयार केलीत. बहुतेक मोठी माणसं बॉलच्या मागे नजर फिरवत बसतात, बाकाकडे बघतच नाहीत. तिला दुसरी टीम आवडली तर अडवू नका, टोमणेही मारू नका. सध्या एक करा: पुढच्या मॅचला चौथा क्वार्टर सुरू होण्याआधी तिला कागद द्या आणि शेवटची पाच मिनिटं ती कोणते पाच खेळाडू उतरवेल ते लिहायला सांगा. तुम्हीही लिहा, भाऊ आला असेल तर त्यानेही. मग कोचने कोणाला उतरवलं ते ताडून बघा.

तिची यादी मला कळवा. टीमचं नाव छापणार नाही.

— ताई